‘बेस्ट आऊट ऑफ वेस्ट’साठी दुकानात कशाला जायचं?

परवा रात्री साडेआठला स्टेशनरीच्या दुकानात माझ्यापुढे एक बाबा उभे होते. नाशिकची थंडी, कानाला मफलर, ऑफिसातून थेट आलेले. आईस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट, दोन डझन कागदी कप, चमकीचा कागद. “मुलीला उद्या शाळेत बेस्ट आऊट ऑफ वेस्ट न्यायचंय,” म्हणाले. मला फार वाईट वाटलं. दोन वर्षांपूर्वी मीही याच रांगेत होते. कोरे करकरीत कप विकत आणायचे, रात्री अकरापर्यंत आईबापांनी खपायचं, सकाळी पोराने ते मिरवत न्यायचं आणि आठ दिवसांनी सगळं कचऱ्याच्या गाडीत. यात टाकाऊ काय होतं आणि टिकाऊ काय झालं?

मी हे चिडून लिहीत नाहीये, कळकळीने लिहितेय. वापरून झालेली वस्तू मुलाच्या हातात पडते तेव्हा तिच्यासोबत बरंच काही येतं. दुकानातल्या पाकिटातून ते येत नाही.

गेल्या डिसेंबरात माझ्या आठ वर्षांच्या लेकीला बाहुलीसाठी गोधडी हवी होती. सासूबाईंनी ट्रंकेतून त्यांच्या आईच्या सुती लुगड्याचा तुकडा काढला. वर-खाली लुगडं आणि मध्ये घरातल्या फाटक्या बनियनचे तीन थर. सासूबाईंनी धाव दोरा शिकवला: पहिली ओळ अगदी कडेने, मग एक बोट सोडून आत, पुन्हा एक बोट आत. पहिल्या दिवशीचे टाके कुठे बोटभर, कुठे नखाएवढे. मला उसवून नीट करून द्यावंसं वाटत होतं. सासूबाईंनी डोळ्यांनीच दटावलं. अकरा दिवस लागले. मधल्या चौकोनापर्यंत पोचताना टाके आपोआप सारखे पडायला लागले होते. त्या गोधडीवर तिचं शिकणं कडेपासून मध्यापर्यंत ओळीने वाचता येतं, म्हणून ती मला आमच्या कपाटातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा प्रिय आहे.

शिवता शिवता तिने विचारलं, “आजी, हे सगळं इतकं पातळ आहे, मग ऊब कुठून येते?” आम्ही दोन पेल्यांत सारखंच गरम पाणी ओतलं, दोन्हींवर ताटली झाकली आणि एक पेला गोधडीत गुंडाळला. अर्ध्या तासाने तिने दोन्हींत बोट घातलं. थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही, हे मग समजावणं अगदी सोपं गेलं. आणि हेच लुगडं नेसून पणजी पौषातल्या गारठ्यात कांद्याच्या लागणीला जायची, हेही त्याच दिवसांत तिला कळलं.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी कितीतरी वर्षं हेच काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी कचऱ्यातून जन्मलेली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून चौकोन करा. तो दाबला की तिरका होतो. त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी हलत नाही. लोखंडी पुलाच्या सांगाड्यात आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्रिकोण का असतात, ते मुलाच्या बोटांनाच समजतं. त्यांचे व्हिडिओ मराठीतही आहेत आणि फुकट आहेत. जरूर बघा.

थंडीचे दिवस यासाठी फार चांगले. तुळशीचं लग्न झालं की घरात पत्रिकांचा ढीग जमतो. त्यांचा जाड, सोनेरी पुठ्ठा बोरन्हाणाच्या मुकुटाला उत्तम. वर हलवा चिकटवायला कणकेची खळ पुरते. वसईकडे आणि गोव्यात ख्रिस्ती घरांतली मुलं वर्षाखेरीला जुनी पँट, जुना शर्ट आणि पेंढा घेऊन ‘म्हातारा’ करतात. त्याला कुठलीही शाळा गुण देत नाही, तरी पोरं दरवर्षी मनापासून करतात.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वस्तू किती सुबक झाली हे बघू नका. ती आधी काय होती, कुणी वापरली आणि कुठे अडलं, एवढं मुलाला विचारा. ज्याने स्वतः केली असेल तो थांबायचंच नाव घेणार नाही. वाकड्या पेनस्टँडला शाबासकी मिळायला लागली की आईबाप आपोआप बाजूला होतील.

संक्रांत जवळ आलीय. येत्या रविवारी सकाळी नऊला आमच्या इमारतीच्या गच्चीवर रद्दीचे पतंग करणार आहोत. वर्तमानपत्राचा चौकोन, खराट्याचे दोन हीर, एक सरळ आणि एक कमानीसारखा वाकवलेला. हा कागद जड असतो, म्हणून जुन्या ओढणीच्या चिंधीची शेपटी लागतेच. शेपटी आखूड झाली की पतंग गिरक्या घेतो, लांब झाली की उठत नाही. किती ठेवायची ते मुलांनीच उडवून उडवून ठरवायचं. दोरा शिवणाचा, साधा. नायलॉन मांजा गच्चीवर दिसता कामा नये. त्याच्यावर बंदी आहे, आणि गेल्या वर्षी तारेत लटकलेलं कबुतर आमच्या पोरांनी पाहिलंय.

खराटा आमच्याकडे आहे, खळ सासूबाई करून ठेवतील. तुम्ही रद्दी आणा, चिंध्या आणा आणि पोरांना पाठवा. विकत काहीही आणू नका.