आदेश पाळायची जबाबदारी नेमकी कोणाची?

'सर्वोच्च न्यायालयाचा आदेश सरकारवर बंधनकारकच असतो' असे विधान एका लेखात वाचले. ते घटनेला धरून आहे. घटनेच्या कलम १४४ प्रमाणे देशातल्या सर्व यंत्रणांनी न्यायालयाला साहाय्य करायचे आहे. पण न्यायालयाकडे ना स्वतःचे पोलीस, ना तिजोरी. म्हणून आदेश मोडणारा माणूस कोण, हे ठरवता येते का, यावर सगळे अवलंबून राहते.

मे २००६ आठवा. जंगले वाचवण्यासाठीच्या गोदावर्मन खटल्यातले सर्वोच्च न्यायालयाचे आदेश डावलून लाकूड गिरण्यांना परवानगी दिल्याबद्दल महाराष्ट्राचे माजी वनमंत्री स्वरूपसिंह नाईक (तेव्हा ते परिवहनमंत्री होते) आणि वनखात्याचे प्रधान सचिव अशोक खोत यांना एकेक महिना कैद झाली. फाईलवर सह्या होत्या, त्यामुळे पळवाट उरली नाही. मला तो निकाल आजही फार मोलाचा वाटतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे आदेश निघाले. ते सगळ्याच राज्यांना होते, म्हणून कुणा एकाची जबाबदारी ठरवणे अवघड झाले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त केला, पोलीस अधिकाऱ्यांना एका पदावर दोन वर्षांचा कार्यकाळ लिहिला आणि 'अपवादात्मक परिस्थितीत' मुदतपूर्व बदलीचे दारही उघडे ठेवले. याला मी पालन म्हणणार नाही.

सरकारला दिलेल्या प्रत्येक आदेशात जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि मुदत लिहिलीच पाहिजे. मुदत टळली की त्याच अधिकाऱ्याने न्यायालयात उभे राहून उत्तर द्यावे, सरकारी वकिलाने नव्हे.