‘लहान कारखान्याला हॅकर कशाला विचारतील?’ : त्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात ठाण्याच्या वागळे इस्टेट आणि नवी मुंबईच्या रबाळे-महापे या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखानदारांच्या तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मला एकच मेसेज दिसला. मथितार्थ असा : सायबर हल्ला हा मोठ्या गाडी कंपन्यांचा प्रश्न. आपण ब्रॅकेट, बुश, रबरी पार्ट बनवणारे, आपल्याकडे चोरण्यासारखं काही नाही. मशीन नेटला जोडलेलं नसेल आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप पेन ड्राइव्हवर असेल तर निर्धास्त राहा. आणि काही झालंच तर बोभाटा करू नका, ऑर्डर जाईल.

बारा वर्षं मी याच पट्ट्यातल्या लहान युनिटांचे कॉम्प्युटर सांभाळतोय. हा मेसेज वाचून मला राग आला, कारण तो पाठवणारे आपलेच लोक आहेत आणि त्यावर विश्वास ठेवून बुडणारेही आपलेच असतील.

‘हा मोठ्यांचा प्रश्न’ इथूनच सुरुवात करतो. १ मार्च २०२२ रोजी टोयोटाने जपानमधले आपले सगळे १४ कारखाने, २८ लाइनी बंद ठेवल्या. सुमारे १३,००० गाड्यांचं उत्पादन त्या दिवशी हुकलं. हल्ला टोयोटावर झालाच नव्हता. तो झाला होता कोजिमा इंडस्ट्रीज या प्लॅस्टिकचे पार्ट पुरवणाऱ्या कंपनीवर, आणि चोर शिरले होते त्या कंपनीच्या एका उपकंपनीतून. बाहेरच्या एका कंपनीशी संपर्कासाठी ठेवलेल्या रिमोट कनेक्शनच्या उपकरणात फट राहिली होती. गाडीचे हजारो पार्ट वेळेवर आले तरच लाइन चालते, साठा कोणी करून ठेवत नाही. म्हणून पार्ट जेवढा किरकोळ, तेवढं त्याच्याकडे दुर्लक्ष आणि तेवढीच लाइन अडण्याची भीती.

उलट दिशेनेही तेच होतं. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरवर हल्ला झाला आणि ब्रिटनमधलं उत्पादन ऑक्टोबर उजाडेपर्यंत ठप्प राहिलं. तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने एकूण नुकसान १.९ अब्ज पौंड धरलं आणि फटका बसलेल्या संस्था ५,००० हून अधिक. त्यात पार्ट बनवणारे होते. त्यांच्यावर कोणी हल्ला केला नव्हता, तरी पाच आठवडे माल उचलला गेला नाही. आपल्यापैकी किती जण पाच आठवडे बिलाशिवाय पगार देऊ शकतील?

‘आपल्याला कोण लक्ष्य करणार’ म्हणणाऱ्यांनी पाम बीच रोडवरून जरा पुढे उरणकडे पाहावं. २७ जून २०१७ला न्हावाशेवा बंदरातल्या गेटवे टर्मिनल्सचं कामकाज कोलमडलं. न्हावाशेवावर कोणाचा राग नव्हता. ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क या जहाज समूहाच्या जाळ्यात शिरला आणि तिथून आपल्या दारात आला. हिशेबाचं सॉफ्टवेअर तर आपल्या प्रत्येक युनिटमध्ये आहे.

चोरण्यासारखं काही नाही, हे म्हणणं तर मुळातच चुकीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. खंडणीवाले फक्त माहिती चोरायला येत नाहीत, तुम्हाला लागणारी माहिती कुलपात घालतात. ई-इन्व्हॉइस निघाला नाही, ई-वे बिल निघालं नाही, की तयार माल भरलेला टेम्पो गेटवरच उभा. शिवाय तुमच्याकडची ड्रॉइंग तुमची नसतात, ऑर्डर देणाऱ्या पार्टीची असतात.

मशीन नेटला नाही, हा मुद्दा थोडक्यात. सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला, प्रोग्रॅम जातो तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, केबलने किंवा पेन ड्राइव्हने. सर्व्हिस इंजिनिअर लॅपटॉप जोडतो. कधीतरी दुरुस्तीसाठी टाकलेलं एनीडेस्क, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, तसंच चालू राहतं. अनेक कंट्रोलर अजून विंडोज एक्सपीवर आहेत, ज्याचा आधार २०१४मध्येच संपला. मशीन बदला असं मी म्हणत नाही, तेवढे पैसे कोणाकडे आहेत? मशीनांचं नेटवर्क ऑफिसपासून वेगळं करा. हे काम एका दिवसात होतं.

आता सर्वांत घातक सल्ला : बोभाटा करू नका. रबाळ्यातल्या एका प्रेसिंग युनिटने तो पाळला. मला बोलावलं तेव्हा हल्ल्याला तीन दिवस उलटले होते. त्या तीन दिवसांत त्यांच्याच ईमेलवरून ग्राहकांना ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असं पत्र गेलं आणि एका ग्राहकाने नव्या खात्यात पैसे भरलेही. पहिल्याच दिवशी ग्राहकांना फोन गेला असता तर त्याने ते भरलेच नसते. भरल्यावर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन झाला असता तर निदान पुढे जाण्याआधी अडवता येण्याची आशा होती. ऑर्डर शेवटी गेलीच. खरेदीवाल्या साहेबांनी मालकांना तोंडावर सांगितलं, ‘हल्ला झाला म्हणून नाही, लपवलंत म्हणून.’

कायदाही तेच सांगतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची आहे. लहान उद्योग यातून सुटलेले नाहीत. त्यांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२पर्यंत मुदत मिळाली होती, तीही केव्हाच संपली. मोठ्या कंपन्यांनाही सांगणं आहे : व्हेंडरला चाळीस पानांची प्रश्नावली पाठवून जबाबदारी संपत नाही. लाइन तुमची थांबणार असेल तर त्याच्या सुरक्षेच्या खर्चातला वाटा दरात धरा.

पेन ड्राइव्ह मुद्दाम शेवटी ठेवला. बॅकअप घ्या हे बरोबरच आहे. पण रबाळ्याच्या त्या युनिटमध्ये पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या मागे कायम खोचलेला होता, त्यामुळे टॅलीबरोबर तोही कुलूपबंद झाला. तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, एक कारखान्याबाहेर, आणि काम झालं की तार काढलेली. मग एका सुट्टीच्या दिवशी ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहायची. गेल्या महिन्यात वागळे इस्टेटमधल्या दोन युनिटांत मी हे करून पाहिलं. एकात सगळं उघडलं. दुसऱ्यात रोज रात्री ‘बॅकअप पूर्ण’ असा संदेश येत होता आणि फोल्डर दिवाळीपासून रिकामं होतं.