‘हे शुद्ध मानसशास्त्र आहे’ : मेंटॅलिस्टच्या व्हिडिओखाली फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

गेल्या काही महिन्यांत नातेवाइकांचा, शाळासोबत्यांचा आणि सोसायटीचा अशा तीन ग्रुपांवर मला जवळजवळ एकच मजकूर आला. सोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ. एक मेंटॅलिस्ट, म्हणजे मन वाचून दाखवण्याचे प्रयोग करणारा कलाकार, मुलाखत घेणाऱ्याच्या मनातलं शाळेतल्या मैत्रिणीचं नाव ओळखतो, मग फोनचा पासकोड सांगतो. मुलाखत घेणारा खुर्चीतून उठतो, डोकं धरतो. खालचा मजकूर थोडक्यात असा : ही जादू नव्हे, शुद्ध मानसशास्त्र आहे. चेहऱ्यावरचे सूक्ष्म भाव आणि डोळ्यांची हालचाल पाहून तयार माणूस मन वाचू शकतो. समोरची व्यक्ती अनोळखी आहे, त्यामुळे साथीदाराचा प्रश्नच नाही. सगळं कॅमेऱ्यासमोर घडलंय. परदेशात शास्त्रज्ञांनीही अशा लोकांना तपासून मान्यता दिली आहे. बुवा-बाबा जे सिद्धी म्हणून करतात तेच हा विज्ञानाने करतो. आणि समजा खोटं असलं, तरी करमणूकच आहे, कुणाचं काय बिघडलं?

पाठवणारी माणसं शिकलेली आहेत. बुवाबाजीला हसणारी आहेत. म्हणूनच उत्तर लिहावंसं वाटलं.

चेहरा वाचण्यापासून सुरुवात करू. समोरचा खरं बोलतोय की खोटं, एवढं तरी माणसाला बघून-ऐकून कळतं का? या प्रश्नावर झालेले शेकडो प्रयोग चार्ल्स बाँड आणि बेला डीपावलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एकत्र तपासले. चोवीस हजारांवर लोकांनी दिलेल्या निर्णयांची सरासरी निघाली ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० टक्के आली असती. ‘डोळे उजवीकडे वर गेले म्हणजे माणूस खोटं बोलतोय’ हा शिबिरांमधून शिकवला जाणारा नियम २०१२ साली रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी तपासला; डोळ्यांच्या दिशेचा आणि खोट्याचा काहीही संबंध सापडला नाही. ‘हो की नाही’ एवढंसुद्धा जिथे धड कळत नाही, तिथे ‘वैशाली’ हे नाव कपाळावर कुठून उमटणार?

यात खऱ्याचा एक कण आहे, तो नाकारणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. गणित घातलं की तो टाप आपटून बरोबर उत्तर द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिलं की घोड्याला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडाही चुकायचा. एकोणिसाव्या शतकातले काही कलाकार प्रेक्षकाचा हात धरून त्याने लपवलेली टाचणी शोधून काढत, तेही याच तत्त्वावर, हाताच्या नकळत होणाऱ्या ओढीवर. म्हणजे शरीर फितूर होतं, हे खरं. पण ते ‘इथे थांब’ एवढंच सांगतं. मैत्रिणीचं नाव आणि पासकोडचे आकडे ते सांगत नाही.

मग मेंटॅलिस्ट मानसशास्त्राचं नाव का घेतात? कारण ते स्पष्टीकरण हा युक्तीचाच एक भाग आहे. जुन्या काळी जादूगार ‘छू मंतर’ म्हणायचा आणि प्रेक्षक मंत्राकडे बघत असताना हात आपलं काम करायचा. आजच्या प्रेक्षकाला मंत्र पटत नाही, ‘सबकॉन्शस’ पटतो. ब्रिटनचे डेरेन ब्राउन हे या क्षेत्रातलं फार मोठं नाव. आपल्या प्रयोगात जादू, सूचन, मानसशास्त्र, दिशाभूल आणि सादरीकरण यांचं मिश्रण असतं, असं ते जाहीरपणे सांगत आले. ऐकणाऱ्यांनी त्या पाचांतला एकच शब्द उचलला. २००३ साली त्यांनी टीव्हीवर गोळी भरलेलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या डोक्याला लावण्याचा प्रयोग केला, कुठल्या कप्प्यात गोळी आहे हे म्हणे समोरच्याच्या आवाजावरून ओळखून. नंतर जर्सी बेटाच्या पोलिसांनी सांगितलं की खरी गोळी नव्हतीच आणि कुणाच्या जिवाला धोकाही नव्हता.

‘समोरची व्यक्ती अनोळखी आहे’ हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो बहुतेकदा खरा असतो आणि तरीही त्याने काहीच सिद्ध होत नाही.

शंभर वर्षांहून जुनी, जादूच्या पुस्तकांतून कितीदा छापलेली एक रीत सांगतो. वीस प्रेक्षक चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून, घडी घालून पेटीत टाकतात. कलाकार एक चिठ्ठी न उघडता कपाळाला लावतो आणि म्हणतो, ‘कुणीतरी मुलीच्या लग्नाबद्दल विचारलंय.’ मागच्या रांगेतून एक जण हात वर करतो, ‘मी, मी विचारलं!’ कलाकार खात्री करायला चिठ्ठी उघडतो, मान डोलावतो, बाजूला ठेवतो. दुसरी कपाळाला लावतो. पुन्हा बरोबर. विसाव्यापर्यंत सगळं सभागृह थक्क. यात मागच्या रांगेतला तो एक माणूस तेवढा कलाकाराचा. लग्नाचा प्रश्न पेटीतल्या पहिल्या चिठ्ठीवर नव्हताच. ‘खात्री’ करताना कलाकाराने भलत्याच कुणाचीतरी चिठ्ठी वाचली आणि दुसरी कपाळाला लावून तिचा मजकूर सांगितला. मग दुसरी उघडून तिसरी. तो कायम एक चिठ्ठी पुढे असतो. बाकीचे १९ जण अस्सल अनोळखी. त्यांना शपथ घालून विचारा, प्रत्येक जण सांगेल, ‘मी याला आयुष्यात पाहिलेलं नाही.’ ती शपथ खरीच असते.

टीव्हीवर तर मागच्या रांगेतल्या माणसाचीही गरज उरत नाही. कार्यक्रमाआधी जे घडतं त्याला या धंद्यात ‘प्री-शो’ म्हणतात. पाहुण्याला आधीच सांगितलेलं असतं, एका व्यक्तीचा विचार करा, विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवा. लिहिलेलं कलाकाराच्या नजरेखालून कसं न्यायचं याचे कितीतरी मार्ग आहेत. तासाभराने कॅमेऱ्यासमोर प्रश्न येतो, ‘तुम्ही आज मनात एका व्यक्तीचं नाव धरलंय, बरोबर? ते आपण कुणाला सांगितलेलं नाही ना?’ पाहुणा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. त्याने सांगितलेलं नसतंच, लिहिलेलं असतं. प्रेक्षकाने मात्र कागद पाहिलेलाच नसतो. पाहुण्याने एक प्रयोग पाहिला आणि आपण दुसराच.

हेच तंत्र देवाच्या नावावर कसं चालतं, ते १९८६ साली अमेरिकेत उघड झालं. पीटर पोपॉफ हे धर्मोपदेशक हजारोंच्या सभेत अनोळखी माणसांची नावं, पत्ते, आजार देवाकडून आल्यासारखे सांगायचे. जादूगार जेम्स रँडी यांच्या सहकाऱ्याने सभागृहात रेडिओ लहरी पकडणारं यंत्र नेलं. ३९.१७ मेगाहर्ट्‌झवर पोपॉफ यांच्या पत्नीचा आवाज सापडला. लोकांनी सभेआधी भरून दिलेली प्रार्थनेची कार्डं त्या आतून वाचून दाखवत होत्या आणि पोपॉफ यांच्या कानात छोटा रिसीव्हर होता. पुढच्याच वर्षी त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली.

कॅमेऱ्याबद्दल बोलू. ‘सगळं कॅमेऱ्यासमोर घडलंय’ असं म्हणणाऱ्याने २००८ सालचा डेरेन ब्राउन यांचाच ‘द सिस्टिम’ हा कार्यक्रम आठवावा. त्यात ते एक साधं नाणं सलग दहा वेळा उडवतात आणि दहाही वेळा छापा येतो. चित्रण अखंड, कुठेही कापलेलं नाही, नाणंही खरं. पुढे त्यांनीच सांगितलं की दहा छापे सलग पडेपर्यंत ते नऊ तासांहून अधिक वेळ नाणं उडवत बसले होते. आपल्याला फक्त शेवटचा मिनिट दाखवला. त्याच कार्यक्रमात एका महिलेला घोड्यांच्या शर्यतींचे निकाल आधीच कळवले जातात आणि ओळीने पाच शर्यती बरोबर येतात. तिला ही खरोखरची पद्धत वाटू लागते. प्रत्यक्षात सुरुवात ७,७७६ लोकांपासून झाली होती. सहा गट, सहा घोडे, प्रत्येक गटाला वेगळा घोडा कळवायचा, हरलेले गट सोडून द्यायचे आणि उरलेल्यांचे पुन्हा सहा गट करायचे. सहाचा पाचवा घात ७,७७६. पाच शर्यतींनंतर एक माणूस उरणारच होता, ती म्हणजे ही महिला. तिचं आश्चर्य शंभर टक्के खरं होतं. उरलेले ७,७७५ पडद्यावर नव्हते.

रिअॅलिटी शोची सगळी बनवाबनवी मला या एका उदाहरणात दिसते. संवाद लिहून देण्याची दरवेळी गरजच नसते. काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचा हक्क ज्याच्या हातात, वास्तव त्याचं. संपादकांच्या टेबलावर ‘फ्रँकनबाइट’ असा एक शब्द आहे. स्पर्धकाच्या तीन वेगवेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडून तो कधी बोललाच नाही असं चौथं वाक्य तयार करायचं. परीक्षकाचे डोळे भरून आलेला शॉट याच गाण्याच्या वेळचा असतो, हे कशावरून? आणि लिहून देणंही नवीन नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेने देशाला वेड लावलं होतं. चार्ल्स व्हॅन डोरेन हा प्राध्यापक घामाघूम होऊन, आठवून आठवून उत्तरं द्यायचा. १९५९ साली त्याने संसदीय समितीपुढे कबूल केलं की प्रश्नोत्तरं आधीच दिली जात होती. ती धडपडही ठरवून केलेली होती. १९६०मध्ये तिथे अशा लबाडीविरुद्ध कायदा झाला.

शास्त्रज्ञांच्या मान्यतेचं काय? मनाच्या बळावर चमचे वाकवण्याचा दावा करणारे युरी गेलर यांच्यावर १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये दोन भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग केले आणि १९७४मध्ये ‘नेचर’सारख्या नियतकालिकात निबंध आला, हे खरं आहे. पण मधल्या काळात, १९७३ साली, गेलर अमेरिकी टीव्हीवरच्या जॉनी कार्सन यांच्या गप्पांच्या कार्यक्रमात गेले होते. कार्सन स्वतः जादू शिकलेले. त्यांनी रँडी यांचा सल्ला घेऊन वस्तू आपल्याच आणल्या आणि कार्यक्रमाआधी गेलर यांच्या माणसांना हात लावू दिला नाही. वीसेक मिनिटं गेलर काहीही करू शकले नाहीत, आज आपल्याला बळ वाटत नाही असं म्हणाले. फरक एवढाच की तपासणारा जादू जाणणारा होता. १९७९पासून रँडी यांनी दोन तरुण जादूगारांना अतींद्रिय शक्तीचे दावेदार म्हणून सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. अतींद्रिय शक्तीच्या संशोधनासाठी तिला पाच लाख डॉलरचं अनुदान मिळालं होतं. दोघं दोनेक वर्षं चमचे वाकवत राहिले आणि कुणालाही हातचलाखी कळली नाही. शास्त्रज्ञ मूर्ख नव्हते. त्यांचा अभ्यास निसर्गाचा, आणि निसर्ग मुद्दाम फसवत नाही.

आता बुवांशी केलेली बरोबरी, आणि इथे प्रश्न आपल्या दारातला आहे. जानेवारी २०२३मध्ये नागपुरात बागेश्वर धामचे धीरेंद्रकृष्ण शास्त्री यांचा कार्यक्रम झाला. दरबारात अनोळखी भक्ताची समस्या आधीच पर्च्यावर, म्हणजे कागदावर, लिहिलेली असते, अशी त्यांची ख्याती. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या श्याम मानव यांनी हे नियंत्रित परिस्थितीत सिद्ध करा आणि ३० लाख रुपये घ्या, असं आव्हान दिलं. शास्त्रींनी रायपूरला या म्हटलं, मानव नागपूरवर ठाम राहिले आणि चाचणी झालीच नाही. जादूटोणाविरोधी कायद्याखालच्या तक्रारीत गुन्ह्यासारखं काही आढळलं नाही, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच दिवसांत मेंटॅलिस्ट सुहानी शाह वृत्तवाहिन्यांच्या स्टुडिओंमध्ये बसून लोकांच्या मनातली नावं ओळखत होत्या आणि ही कला आहे, चमत्कार नाही, असं सांगत होत्या.

त्यांच्या या भूमिकेबद्दल मला आदर आहे. पण माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी त्यातून काढलेला अर्थ भलताच निघाला, ‘बघा, मन वाचता येतंच, कुणी अभ्यासाने वाचतं, कुणी साधनेने.’ म्हणजे जे प्रात्यक्षिक बुवाबाजीवर उतारा म्हणून होतं, तेच तिचा पुरावा झालं. व्हिडिओखालचा तो मजकूर हेच काम करतो. मेंटॅलिस्टच्या अंगी काहीही शक्ती नाही, त्याच्याकडे तंत्र आहे, सराव आहे, आधी मिळवलेली माहिती आहे, हे वाक्य पूर्ण बोललं नाही तर ‘विज्ञान’ हा शब्द फक्त नवा भगवा कपडा ठरतो.

राहिलं कुणाचं काय बिघडलं ते. कला म्हणून तिकीट काढून पाहावी, टाळ्या वाजवाव्यात, मीही वाजवतो. पण ‘तयार केलेलं मन वाचू शकतं’ हे एकदा खरं मानलं की ते मन तयार करून देणारे दारात उभे राहतात. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे, म्हणजे मुलांचा मेंदू म्हणे जागा करण्याचे, वर्ग गावोगाव निघाले होते. मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचायची, पत्त्यांचे रंग सांगायची. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते आणि तिच्यातून खालचं दिसतं, यापलीकडे त्यात काही नव्हतं. माझ्या बहिणीने तिच्या मुलीला अशाच एका वर्गात घातलं होतं. टीव्हीवर कुणाला तरी तसं करताना पाहिलं होतं, म्हणून. फी भरायला सोसायटीतून कर्ज काढलं होतं.

दिवाळीत भाची सगळ्यांसमोर पट्टी बांधून वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. आजी डोळे पुसत होती. मी वर्तमानपत्र उचलून तिच्या कपाळाच्या उंचीवर धरलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, आज डोकं दुखतंय. मी पुढे काही बोललो नाही. रात्री गच्चीवर ती आपणहून माझ्याजवळ आली. नऊ वर्षांची होती. म्हणाली, ‘मामा, मला खालून दिसतं. सगळ्यांनाच दिसतं. सर म्हणाले, असं म्हणायचं नाही, नाहीतर शक्ती जाते. मी आईला सांगितलं तर तिचे पैसे वाया जातील ना?’