गाडी ती चालवते, त्रास तुम्हाला का?

खंडेराव मार्केटला भाजीला गेलो की दर वेळी तेच. गाडी बायको चालवते, मी शेजारी बसतो, कारण मला रिव्हर्स जमत नाही आणि तिला झकास जमतं, विषय संपला. पण नाही! ती गाडी मागे घ्यायला लागली की कुठून तरी एक काका उगवतातच, 'आवा दो, आवा दो (म्हणजे येऊ द्या), बस बस' करत डिकीवर थापा मारणार आणि मग माझ्याकडे वाकून, "भाऊ, तुम्ही घ्या ना स्टिअरिंग." अहो पण का?? मी घेतलं तर त्या पेरूवाल्याची हातगाडी गेलीच समजा. पुरुष म्हटला की ड्रायव्हिंग पोटातूनच शिकून येतो बहुतेक.

घरी दुसरा अंक. पोळ्या मी करतो (गोल होतात, शंका नको), तर मावशी लगेच, "सूनबाईला बरं नाही का रे?" आणि तिला वर "नशीब काढलंस हो!" अरे, त्या पोळ्या मीपण खातोच ना!

आणि हे कुठे, तर बडोद्यात. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, चिमणाबाई महाराणी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या, आणि आपण अजून बाईला पार्किंग जमेल का ते बघायला घोळका करून उभे.

बघा खुशाल, पण डिकीवर थापा नका मारू हो, हप्ते चालू आहेत अजून.