बुमराहचे लाड आणि पिचरचं कोपर

2025च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळला. सिराज पाचही खेळला, 23 बळी घेतले, ओव्हलवर 6 धावांनी जिंकून दिलं. तेव्हापासून आमच्या डोंबिवलीच्या ग्रुपवर ‘वर्कलोड’, म्हणजे दुखापत टाळायला गोलंदाजाचा ताण मोजून त्याला विश्रांती देणं, ही शिवी झाली आहे. हा शब्दच भारतीय क्रिकेटमधून जावा असं गावसकर म्हणाल्यावर मामांना तर आयतं वेदवाक्य मिळालं. ‘बापू नाडकर्णींनी लागोपाठ 21 षटकं निर्धाव टाकली, कुठे होता फिजिओ?’ अहो मामा, बापू डावखुरी फिरकी टाकायचे! बुमराहच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालीय, आणि ऑस्ट्रेलियात 32 बळी घेऊन सिडनीत तो त्याच पाठीने बसला.

मिनियापोलिसमध्ये राहून मी हा वाद कधीचा ऐकतोय, फक्त बेसबॉलमधला, तिथल्या पिचरवरून, म्हणजे गोलंदाजावरून. 1963 साली कँडलस्टिक पार्कवर हुआन मारिशाल आणि 42 वर्षांचा वॉरन स्पान हे समोरासमोरचे पिचर, एरवी नऊ इनिंगच्या सामन्यात, दोघेही सोळाव्या इनिंगपर्यंत टाकत राहिले. शेवटी विली मेजच्या होमरनने (बेसबॉलमधला षटकारच म्हणा) मारिशालचा संघ 1-0 जिंकला. 1968 मध्ये बॉब गिब्सनने एकट्याने 28 सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत टाकले. 2024 मध्ये तिसही संघांचे सगळे पिचर मिळून तसे सामने किती? 28. मधल्या काळात चारऐवजी पाच स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे पिचर, आळीपाळीने टाकू लागले, बुलपेन (मधूनच येणाऱ्या राखीव पिचरांचा ताफा) फुगलं, आणि 2018 मध्ये टँपा बे संघाने सर्जिओ रोमोला एका इनिंगपुरता स्टार्टर करून टाकलं. कारण साधं आहे: तोच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आला की पिचरला ओळखून मारतो.

एप्रिल 2022 मध्ये इथल्या टार्गेट फील्ड मैदानावर, हात खिशातून काढवत नव्हते अशा थंडीत, क्लेटन कर्शॉने सात इनिंगमध्ये 21 जण आले तसे परत पाठवले. परफेक्ट गेम, म्हणजे ज्यात एकही फलंदाज बेसवर पोहोचत नाही असा पूर्ण सामना, तोवर इतिहासात 23च झाले होते. आणि 80 चेंडूंवर त्याला बसवलं! शेजारचा सहकारी म्हणाला, बरोबर केलं, हंगाम मोठा आहे. माझ्या तोंडून निघालं ते अस्सल डोंबिवलीतलं होतं, इथे छापण्यासारखं नाही. कर्शॉ स्वतः नंतर म्हणाला, निर्णय योग्यच होता.

ग्रुपवर मी एक गोष्ट मात्र सांगत नाही. एवढं जपूनही इथे कोपरं तुटतातच. 1974 मध्ये डॉक्टर फ्रँक जोबने पिचर टॉमी जॉनच्या कोपरावर पहिल्यांदा केलेली शस्त्रक्रिया आता तरण्या पोरांवर सर्रास होते. थोडेच चेंडू टाकायचे म्हटल्यावर जो तो प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकतो. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत सरासरी वेग ताशी दोन-तीन मैलांनी वाढलाय. हे मामांच्या हाती लागलं तर संपलंच.

2025च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम लढतीत, पिचर यामामोतोने सहाव्या सामन्यात 96 चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी येऊन सातवा सामना संपवला. मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो. वर्कलोड गेला खड्ड्यात.

आणि ऑफिसात कोणी पिच काउंटचा (टाकलेल्या चेंडूंच्या मोजदादीचा) विषय काढला की मी हमखास कपिल देव काढतो. वेगवान गोलंदाज, 131 कसोटी, दुखापतीमुळे एकही चुकवली नाही, तुमच्यात आहे का कोणी असा? मामांना हे कळलं तर महिनाभर ग्रुपवर तोंड दाखवायची सोय नाही.