पक्याचं बिल आणि मीटरचा लाल लाईट

काल रात्री पक्या कट्ट्यावर आला तो बिल फडकवतच. "दोनशे चाळीस युनिट! एसी नाही, काही नाही, मीटरच फास्ट पळतोय, दुसरं काय!" झालं, सुरू सगळे. संत्या म्हणे चार्जर रात्रभर बोर्डात लावून ठेवता ना, त्याचंच बिल येतं. मला राहवेना, अरे मोबाईल न लावलेल्या चार्जरने महिन्याला अर्धं युनिटसुद्धा जात नाही, कशाला त्या चार्जरच्या मागे लागता!

बाळूदादा वायरमन आहे, तो म्हणाला भांडू नका, चला मीटरपाशी. पक्याच्या मीटरवर लिहिलंय ३२०० इम्प, म्हणजे एका युनिटला (हजार वॅट तासभर चालले की एक युनिट) लाल लाईट ३२०० वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद, फ्रीजचा प्लगसुद्धा काढला, चालू फक्त २००० वॅटचा गीझर. हिशोबाने मिनिटाला १०६-१०७ वेळा लुकलुकायला पाहिजे. मोबाईलवर व्हिडिओ काढून स्लो करून मोजलं, १०६! मीटर बरोबर आहे हे पक्याला तिथंच मान्य करावं लागलं. मग गीझर बंद करून हॉलमधला जुना पंखा फुल्लवर लावला तर दर पंधरा सेकंदाला एकदा लुकलुक, म्हणजे ७५ वॅट. असे तीन पंखे, रोजचे पंधरा तास, महिन्याला शंभर युनिट नुसत्या पंख्यांचे!

बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, तेवढीच हवा तीसेक वॅटमध्ये देतो, एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. "आणि तीन हजाराला एक, ते कोण देणार?" पक्या तापलाच. पण वाचणारी युनिटं वरच्या स्लॅबमधली असतात हे लोक धरतच नाहीत. शंभरच्या पुढच्या युनिटचा दर पहिल्या शंभरच्या दुपटीपेक्षा जास्त आहे, त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचे पैसे), वर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे युनिटला दहा रुपये तर कुठे गेले नाहीत, दीड वर्षात पंख्याचे पैसे वसूल. आणि हो, शंभर ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो ही संत्याची समजूत चुकीची आहे, पहिले शंभर स्वस्तातच धरतात.

गीझरवर मात्र माझं आणि बाळूदादाचं वाजलं. माझं म्हणणं होतं, तीन तास चालू म्हणजे सहा युनिट. तो म्हणाला नाही रे, पाणी तापलं की थर्मोस्टॅट कट करतो, गरम पाणी किती वापरलं त्यावर युनिट, उगाच चालू ठेवलं तर टाकी गार होते तेवढंच वाया जातं. पटलं मला. म्हणजे पाच बादल्यांच्या तीन केल्या तर खरा फरक.

पक्या शेवटी म्हणाला, आधी हॉलचा एक पंखा बदलतो, पुढच्या बिलावर बाकीचे. फ्रीज अठरा वर्षांचा आहे, दाराचं रबर सैल पडलंय, त्यात कागद धरला तर सहज निघून येतो. रविवारी नुसता फ्रीज चालू ठेवून मीटरचा लाईट मोजायचा ठरलाय.