गिऱ्हाईक खरं असू द्या

शाळेतल्या डिझाइन प्रकल्पात मुलांसमोर खरी गरज असलेला माणूस हवा, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं मनापासून पटलं. सोलापुरात असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरणाऱ्या बायका तासन्‌तास एका जागी बसतात. त्यांची बैठक किती उंच असावी, भरलेल्या कांड्या मागापर्यंत कशा न्याव्यात, हे प्रश्न आठवी-नववीच्या मुलांना नक्की झेपतील.

मात्र आधी मुलांनी तिथे जाऊन बघावं, टेपने मापं घ्यावीत, बायकांशी बोलावं. त्यातल्या अनेकींची घरची भाषा तेलुगू, त्यामुळे ती भाषा येणारी मुलं गटाचा मोठा आधार होतात. मग पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा नमुना करून त्यांनाच दाखवावा, आणि त्या जे नको म्हणतील ते बदलावं. थर्माकोलचं मॉडेल प्रदर्शनात मांडून मोकळं होण्याने काही साधत नाही.

गटात एकच मुलगा सगळं करतो आणि मुलींकडे सजावट येते, हे मला फार खुपतं. करवत, मोजमाप आणि खर्चाची वही दर आठवड्याला दुसऱ्याच्या हाती जायला हवी. गुण देताना आराखड्यात काय बदललं आणि कुणाच्या सांगण्यावरून, ते बघावं.

नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची कार्यशाळा, असलेल्या शाळेत थ्रीडी प्रिंटर वापरता येईल. नसेल तर पुठ्ठा आणि सुतळीवरही भागतं. फक्त मुलांना कारखान्यात नेताना माग बंद असतील अशीच वेळ मालकांकडून ठरवून घ्या.